पोहण्याआधीचा वर्ग : एका पालकाचा अभिप्राय

नागपुरात उन्हाळा लागला की जलतरण तलावांच्या शिबिरांचे फलक चौकाचौकांत झळकतात. परंतु पाण्याला घाबरणाऱ्या मुलासाठी त्यांत वेगळी सोय क्वचितच असते. पश्चिम नागपुरातील ज्या खासगी तलावावर आम्ही आमच्या पाच वर्षांच्या मुलीला घातले, तिथे मात्र पोहणे शिकवण्याआधी केवळ पाण्याची भीती घालवण्यासाठी लहान मुलांची वेगळी तुकडी घेतली जाते, आणि हा अभिप्राय त्या तुकडीपुरताच आहे.

घरी डोक्यावरून पाणी घेताना मुलगी काय करते, हे प्रशिक्षिका बाईंनी पहिल्याच दिवशी विचारून घेतले. ती श्वास कोंडून डोळे गच्च मिटते, हे ऐकल्यावर त्यांनी सारा भर श्वासावर दिला. उथळ तलावाच्या पायरीवर बसून आधी हनुवटी, मग ओठ पाण्याला लावायचे आणि तोंड पाण्यात असताना ‘हूंऽऽ’ असे गुणगुणत राहायचे. गुणगुणताना नाकातून हवा बाहेर पडत असल्यामुळे पाणी आत शिरत नाही आणि नाक चिमटीत धरावे न लागल्याने हातही मोकळे राहतात. मुलगी ‘नको’ म्हणाली की बाई कुरकुर न करता पुन्हा मगाने खांद्यावर पाणी ओतण्यापर्यंत मागे येत. अचानक डोके बुडवण्याचा प्रकार तिथे मुळीच नाही. दंडाला लावायचे फुगे त्या वापरू देत नाहीत, हेही मला पटले, कारण त्यांच्या आधाराने मुलाला पाण्यात उभे राहण्याची सवय लागते आणि आडवे तरंगायला शिकवताना तीच आड येते. शिवाय ते जीवरक्षक साधन नव्हेच.

व्यवस्थापनाबद्दल मात्र इतके चांगले लिहिता येत नाही. कपडे बदलण्याच्या खोलीतील फरशी शेवाळलेली आहे, आणि पाण्यातील क्लोरीन व पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचे माप) यांच्या नोंदींचा फलक बहुधा कोराच असतो, पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान आहे की नाही, हे पालकांना दिसायला हवे. जाळीपलीकडून ‘अगं, बुडव ना डोकं!’ असे ओरडणाऱ्या आईबाबांना कोणी आवरत नाही, हे तर बाईंच्या मेहनतीवर पाणी फेरणेच आहे. टॉवेल काठाशीच ठेवावा, कारण आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळी हवेत अंगावरचे पाणी झपाट्याने उडते आणि भर मे महिन्यातही बाहेर आलेले मूल कुडकुडते.

शुल्क नेहमीच्या शिबिरापेक्षा जास्त आहे, आणि महिन्याभरात मुलाने तलावाची लांबी पार करावी अशी अपेक्षा असणाऱ्यांनी इकडे फिरकू नये. आमची मुलगी आता काठ धरून आपणहून तोंड पाण्यात घालते. पाठीवर तरंगताना मात्र मानेखाली बाईंचा हात अजून लागतो, म्हणून पुढच्या तुकडीसाठीही तिचे नाव इथेच नोंदवले आहे.