सिल्क बेस सांगून शिवलेल्या पट्ट्या गळ्यात मारल्या, ४६,२०० रुपये गेले

रागाने लिहितेय, पण आकडे चोख आहेत. डोक्यावर लावायच्या केसांच्या टॉपरसाठी मापाचे १,८००, अ‍ॅडव्हान्स २०,०००, माल हातात देताना २२,०००, वर कटिंग-सेटिंगचे २,४००. एकूण ४६,२०० रुपये. हे दुकान गल्लीतलं नव्हतं. काचेचा दरवाजा, एसी, भिंतीवर आधी-नंतरचे फोटो, सगळा थाट होता.

थायरॉईडमुळे माझे माथ्यावरचे केस विरळ झाले, भांग बोटभर रुंद दिसायला लागला. बाजूचे केस शाबूत असल्यामुळे पूर्ण विग नको होता. माथ्यापुरता, आपल्याच केसांना क्लिपांनी अडकवायचा टॉपर हवा होता. भाचीचं लग्न जवळ आलं होतं आणि आत्या म्हणून मला मांडवात पुढे उभं राहायचं होतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आपल्याकडे बायका गंगावन पिढ्यान् पिढ्या लावत आल्या आहेत.

आणि मी डोळे मिटून गेले नव्हते. ज्यावर केस बसवतात तो बेस. त्यात लेस सगळ्यात हलकी, हवा खेळती राहते, पण नाजूक. त्यातही स्विस लेस फ्रेंचपेक्षा बारीक, म्हणून लवकर फाटते. मोनोची जाळी जास्त टिकते, पण तिची कड जाणवते. पीयू (प्लास्टिकसारखा पातळ थर) पुसायला सोपं, चिकटपट्टी छान धरते, मात्र घाम आत कोंडतो आणि तेल-घामाने ते पिवळं पडून कडक होतं. सिल्क बेसला केसांच्या गाठी कापडाच्या थराखाली जातात, म्हणून भांगात काळे ठिपके दिसत नाहीत. तो थोडा जाड असतो एवढंच. हे सगळं वाचून, विचारून मी ठरवलं होतं: भांगाला सिल्क, भोवती मोनो, कडेला पीयूची बारीक पट्टी. दुकानात मी हेच शब्द वापरले. त्यांनी मान डोलावली आणि नमुना म्हणून अगदी तसाच पीस माझ्या डोक्यावर लावून दाखवला. तो खरा होता. फसवायला नमुना नेहमी खराच ठेवतात.

मग डोक्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून, वर चिकटपट्टीचे थर देऊन, मार्करने विरळ भागाची रेघ मारून साचा घेतला. इतकं पाहिल्यावर कोण संशय घेईल?

पण पावती! तिच्यावर लिहिलं होतं, ‘हेअर प्रॉडक्ट, १ नग’. ना बेसचं नाव, ना माप, ना केस कसले ते. मी विचारलंसुद्धा, बेस लिहा ना यावर. उत्तर मिळालं, ‘मॅडम, सिस्टीममध्ये तसंच येतं, आमच्याकडे सगळी नोंद आहे.’ तो क्षण मला अजून छळतो. तिथेच उठायला हवं होतं. पेनाने का होईना, बेस आणि केसांचा प्रकार लिहून सही-शिक्का घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

दुसरी खूण तर अजून ढळढळीत होती. मापाबरहुकूम हाताने गाठ मारत केलेल्या पीसला दोन-तीन महिने लागतात. माझा दोन आठवड्यांच्या आत तयार! लग्नाची घाई होती, वेळेत मिळाला म्हणून मला हायसं वाटलं, आणि ते वाटणं साहजिकच होतं. लावतानाही त्यांनी तो आतून पाहू दिला नाही, थेट डोक्यावर बसवून कात्री चालवली. एकदा कापला की परत घेत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून कात्री लागण्याआधी पीस उलटा करून बघा. अडून बसा.

लग्न निभावलं. नंतर दोन-तीन धुण्यांत केसांचा गुंता व्हायला लागला, मानेकडे तर नमदाच झाला. उलगडून पाहिलं तर आत इलॅस्टिकवर मशीनने शिवलेल्या केसांच्या पट्ट्या, रांगेने. फक्त भांगापुरता दोन बोटं रुंदीचा पीयूचा तुकडा, तोही कडेने पिवळा. सिल्क नाही, मोनो नाही. आतले चार केस काढून जाळले. दोन जळक्या केसांचा वास देत भुरभुरीत राख झाले, दोन वितळून टोकाला कडक मणी धरून बसले. म्हणजे त्यांनी सांगितलेल्या ‘शंभर टक्के रेमी’ केसांमध्ये प्लास्टिक मिसळलेलं! आणि जे खरे होते तेही रेमी नव्हेत. रेमीत केसांची खवले एकाच दिशेला असतात, म्हणून गुंता कमी होतो. हलक्या मालाची खवले काढून वर सिलिकॉन चढवतात. धुताना ते उतरलं की खरं रूप दिसतं.

आता यंत्रणेचं ऐका. पोलीस ठाण्यात हवालदारांनी पीस टेबलावर पाहिला आणि शेजारच्याकडे बघून हसले. ‘तुम्ही स्वतः आवडून घेतलं ना? हे सिव्हिल मॅटर.’ सिल्क सांगून पट्ट्या देणं ही फसवणूक नाही, तर मग काय आहे? साहेबांना भेटायचं म्हटलं तर साहेब बंदोबस्ताला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर सांगितलं, दुकानात बसून स्वतः यूपीआय केलंत, हे आमच्यात बसत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार क्रमांक मिळाला, आणि काही दिवसांनी तक्रार बंद! दुकानाने ‘ग्राहकाच्या पसंतीने माल दिला’ असं कळवलं म्हणे. मला एक फोन नाही, एक प्रश्न नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या मालाला दाव्याची फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यातही दावा करता येतो, दोन वर्षांची मुदत असते. हे सगळं मलाच शोधावं लागलं. माल प्रयोगशाळेत तपासायला पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे. पण खिडकीवरचा पहिला प्रश्न काय, तर ‘बिलात सिल्क कुठे लिहिलंय?’ तेव्हापासून तारखा.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे नमुन्याचे फोटो, ‘सिल्क टॉप फायनल’ हा त्यांचा मेसेज, यूपीआयच्या नोंदी मी जपल्या आहेत. दावा त्यावरच उभा आहे. बोलणी तोंडी करू नका, प्रत्येक गोष्ट मेसेजवर विचारा.

आता दुकानातून गोड आवाजात फोन येतात: ‘मॅडम, पीस घेऊन या, फुकट दुरुस्त करून देतो.’ मी देणार नाही, तुम्हीही देऊ नका. तो त्यांच्या हातात गेला की पुरावाच गेला.