बोटीच्या इंजिनच्या नावाखाली ७३,५०० रुपयांना गंडवलं, किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी वाचा

डोकं अजून शांत झालेलं नाही, तरी लिहितोय, कारण हा व्हॅनवाला मिस्त्री अजून फिरतोय आणि सीझनच्या तोंडावर बंद पडलेलं इंजिन म्हणजे त्याच्यासाठी आयतं गिऱ्हाईक. आमच्या छोट्या बोटीच्या दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनसाठी त्याने ७३,५०० रुपये घेतले आणि खरा बिघाड १,८५० रुपयांचा निघाला. आकडे मुद्दाम पूर्ण देतोय, कोणाला वाढवून सांगतोय असं वाटायला नको.

रत्नागिरी जिल्ह्यात छोट्या बंदरावर आमची गिलनेटची, म्हणजे पाण्यात उभं जाळं लावायची बोट आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, बोट शाकारलेली, म्हणजे झाकून ठेवलेली, टाकीत अर्धंमुर्धं डिझेल तसंच राहिलेलं. बंदी उठल्यावर बाहेर पडलो, अर्ध्या तासाच्या आसपास इंजिन मस्त चाललं आणि मग आवाज खाली खाली जाऊन बंद. जरा वेळाने डिझेलचा हँड पंप मारला की चालू, परत थोड्या वेळाने बंद, चालू करताना पांढरा धूर. शेवटी दुसऱ्या बोटीने ओढून आणलं. आमचा नेहमीचा मिस्त्री तेव्हा कोणालाच मिळत नव्हता, ऑगस्टच्या सुरुवातीला सगळ्यांच्याच बोटी एकदम बोंबलतात, हे किनाऱ्यावरच्या लोकांना सांगायला नको. बर्फ आणून ठेवलेला, खलाशांना आगाऊ पैसे दिलेले, सोसायटीचा हप्ता डोक्यावर. अशा वेळी जेटीवर एक जण व्हॅन घेऊन आला, व्हॅनवर मरीन सर्व्हिसचा बोर्ड, छापील कार्ड, सगळं व्यवस्थित. त्याला इंजिन दाखवलं यात माझं काय चुकलं ते मला कोणीतरी सांगा.

आता तो क्षण, ज्याने माझी झोप उडवली आहे. तो इंजिनखाली वाकला, मी वरून टॉर्च धरलेला. दोन मिनिटांत कापलेला प्लास्टिकचा कॅन वर काढला आणि म्हणाला, "शेठ बघा, तेल दूध झालंय. हेड गॅसकेट उडालंय, पाणी आत गेलंय." हेड गॅसकेट म्हणजे इंजिनच्या हेडखालचं सील. कॅनमध्ये खरंच पांढरट, चहात दूध जास्त झाल्यासारखं तेल. माझा चुलत भाऊ शेजारीच होता, तो म्हणाला, "दादा, सकाळीच मी डिपस्टिक, तेल मोजायची पट्टी, बघितली, तेल काळंच होतं." त्यावर हा लगेच, "पाणी जड असतं, तळाला बसतं, डिपस्टिकवर कुठून दिसणार?"

आणि हे अर्धं खरं आहे म्हणूनच पटतं! इंजिन बरेच दिवस बंद असेल तर पाणी खाली बसतं. पण चालून आलेल्या इंजिनमध्ये क्रँक ते सगळं घुसळून टाकतो, मग दुधी रंग सगळीकडे दिसतो, डिपस्टिकला पण आणि वर तेल भरायच्या झाकणाच्या आतून पण. दुसरं, तेलात पाणी गेलं तर ते कुठून तरी कमी झालं पाहिजे ना? आमचं इंजिन फ्रेश वॉटरवालं, म्हणजे टाकीतल्या गोड्या पाण्यावर थंड होणारं, वरच्या टाकीचं पाणी काठोकाठ होतं, त्याने झाकण उघडून बघितलं पण नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ड्रेन बोल्ट, तेल काढायचा तळाचा बोल्ट. आमच्या इंजिनच्या खाली हात घालायला जागाच नाही, तेल बदलताना आम्ही वर्षानुवर्षं डिपस्टिकच्या भोकातून नळी घालून पंपाने तेल ओढतो. तो बोल्ट दोन मिनिटांत उघडून, तेल काढून, परत बसवणं शक्यच नाही. म्हणजे कॅन तो सोबत घेऊनच आला होता! हे मला तिथेच दिसायला पाहिजे होतं असं आता सगळे म्हणतात. बरोबर आहे, पण टॉर्च माझ्या हातात होता, ओहोटी लागलेली, बोट टेकायच्या आत निर्णय घ्यायचा होता आणि समोरचा माणूस ठामपणे बोलत होता. जेटीवर उभं राहून नंतर अक्कल शिकवणाऱ्यांपैकी एकाने तरी तेव्हा ड्रेन बोल्टची आठवण काढली होती का?

लोकहो, एकच धरून ठेवा, तेल दाखवायचं असेल तर तुमच्या डिपस्टिकवर, तुमच्या हाताने, तुमच्या कपड्यावर. कॅनमधलं काही बघू नका.

मग जे व्हायचं ते झालं. १५,००० यूपीआयने आगाऊ. इंजिन उचलून नेलं. दोन दिवसांनी फोन, लायनर (पिस्टनभोवतीची नळी) आणि पिस्टन पण गेलेत, इंजिनात डिझेल मारणारा पंप कॅलिब्रेट करावा लागेल, म्हणून ३०,००० यूपीआयने. इंजिन परत बसवून देताना २८,५०० कॅश, "यूपीआयची लिमिट झाली शेठ" म्हणून. बिल एका साध्या कागदावर, जीएसटी नंबर नाही, तारीख नाही: पंप कॅलिब्रेशन १८,५००, हेड गॅसकेट सेट ९,८००, लायनर-पिस्टन २२,४००, बेअरिंग ६,३००, क्रेन आणि गाडी ४,५००, मजुरी १२,०००. जुने पार्ट मागितले तर म्हणाला भंगारात गेले. जुने पार्ट ताब्यात आल्याशिवाय शेवटचा रुपया देऊ नका, हे मी आता ओरडून सांगतो.

समुद्रात गेलो, अर्धा तास, आणि परत तेच. आवाज खाली, बंद, पांढरा धूर. फोन केला तर "तुम्ही खराब डिझेल भरलंत त्याला मी काय करू", त्यानंतर नंबर बंद.

मग पलीकडच्या गावचे जुने मिस्त्री आले, सगळे त्यांना चाचाच म्हणतात. त्यांनी पान्याला हात लावायच्या आधी चार प्रश्न विचारले: किती वेळ चालतं, बंद होताना झटक्यात की हळूहळू, हँड पंप मारल्यावर चालू होतं का, टाकी केव्हा धुतली. मग एका कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घेतलं, पारदर्शक नळी थेट डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाला लावली, बोटीची टाकी आणि लाइन बाजूला ठेवली, आणि इंजिन चालू केलं. तास झाला तरी एकदा आचका दिला नाही. "इंजिनला काहीच नाही रे बाबा, ते उपाशी मरतंय," एवढंच म्हणाले. मग नळी आमच्या लाइनला जोडली तर त्या पारदर्शक तुकड्यातून बारीक बारीक बुडबुडे पळताना डोळ्यांनी दिसले. जुनी नळी जोडाजवळ चिरलेली, एअर घेत होती. डिझेलमधलं पाणी अडवणाऱ्या वॉटर सेपरेटरच्या वाटीत खाली पाणी आणि वर काळा चिकट गाळ, पावसाळाभर अर्ध्या रिकाम्या टाकीत घाम धरून पाणी साचतं आणि त्यात हा गाळ तयार होतो. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, नाकाला उग्र वास येतो आणि डोळे चुरचुरतात. पाण्याची वाफ असती तर वास नसता, हवेत लगेच विरली असती. फिल्टर ४८०, नळी ६२०, कॉपर वॉशर १५०, मजुरी ६००. झाले १,८५०.

मला राहवेना म्हणून हेड उघडायला लावलं, त्याचे ३,२०० वेगळे गेले. लायनर जुनेच! वरच्या टोकाला रिंगने घासून कडा पडते ना, ती चाचांनी माझं नख धरून तिच्यावरून फिरवली, नख अडकलं. नव्या लायनरला ती कडा येईलच कुठून? २२,४०० रुपये हवेत. बदललं ते फक्त हेड गॅसकेट. आणि मग खरा धक्का: डिझेल पंप आमचा नव्हताच. आमच्या पंपाच्या लिव्हरला माझ्या वडिलांनी तांब्याची तार गुंडाळलेली होती, ती नाही, आणि प्लेटवरचा नंबर घासलेला. इंजिनचे फोटो कागदपत्रांसाठी काढलेले होते म्हणून हे ताडून बघता आलं. पंप, नोझल, अल्टरनेटर, सगळ्यांच्या नंबरांचे फोटो आजच काढून ठेवा, आणि इंजिन कोणाच्या गाडीत चढवायच्या आधी पंपावर ऑइलपेंटचा ठिपका मारा, तोही त्याच्यासमोर.

आता कायद्याकडे गेलो त्याचं ऐका. पोलिस ठाण्यात पहिलं वाक्य, "हा दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा." मी म्हटलं पंप बदललाय साहेब, ही सरळ चोरी आहे. तर म्हणे पैसे यूपीआयने दिलेत ना, मग सायबर, १९३० ला फोन लावा. १९३० वाल्यांनी सांगितलं की माणूस समोर होता, त्याने ओटीपी-लिंक काही केलं नाही, हे आमच्यात बसत नाही, आणि ते बरोबरच बोलले, तो नंबर ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे. परत ठाण्यात, तर आता साहेब बंदोबस्ताला. नंतर, बिलावर सही नाही, त्याने काम केलं हे तुम्ही सिद्ध कसं करणार? मत्स्यव्यवसायच्या कार्यालयात गेलो, तिथे "आम्ही परवाना आणि नोंदणी बघतो, मिस्त्री नाही." ग्राहकांच्या तक्रारी बघणाऱ्या टेबलावरचा माणूस तर म्हणाला, बोट धंद्याची आहे, तुम्ही ग्राहकच नाही. ऐकून मस्तकात गेलं. आमच्यासारखा एक बोटवाला, स्वतः समुद्रात जाणारा, तो धंदेवाला आणि व्हॅनवाला चोर मात्र मोकळा! डिझेल परताव्याच्या कागदाला एक सही कमी पडली तर पाच वेळा बोलावतात, आणि इथे एका माणसाने दिवसाढवळ्या पंप पळवला तर तक्रार घ्यायला पण कोणी तयार नाही. आम्ही कर भरतो, परवाना भरतो, बंदी पाळतो, मग आमच्यावर वेळ आली की प्रत्येकजण दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवतो, हे कुठवर सहन करायचं?

नंतर एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं ते इथे देतो, कारण टेबलावर कोणी सांगत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये स्पष्ट आहे की केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. त्यामुळे "बोट धंद्याची" म्हणून हाकललं तर हे तोंडावर मारा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, मुदत दोन वर्षं. आधी विचारायचं असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. आणि ठाण्यात गुन्हा नोंदवत नसतील तर तोंडी भांडत बसू नका, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली सगळं लिहून पोलिस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. फसवणुकीचं कलम आता ४२० नाही, भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, तेच लिहा, नाहीतर तिथेच चूक काढून परत पाठवतात.

माझं पत्र अधीक्षकांकडे गेलंय, आयोगातही तक्रार टाकली आहे, यूपीआयचे ४५,००० दिसतात, कॅशचे २८,५०० दाखवायला कागद नाही, म्हणून कॅश कोणी मागितली की ती सरळ नाकारा. पंपाचा मात्र पत्ता नाही. दोन सिलिंडरच्या इंजिनचा सेकंडहँड पंप कोणाकडे स्वस्तात विकायला आला, प्लेट घासलेली असेल किंवा लिव्हरवर तांब्याच्या तारेचे वळ दिसत असतील, तर कृपा करून घेऊ नका. त्याचा आणि आणणाऱ्या गाडीचा फोटो काढा आणि मला कळवा.