‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ पावडरीत स्टेरॉईड: कुत्रा पाळणाऱ्यांनी सावध राहा

कुत्र्याची खाज आणि अंगाचा वास झटपट घालवणारी एक ‘आयुर्वेदिक’ पावडर व्हॉट्सॲपवरून विकली जाते. आमच्या चिकूला तिने जवळजवळ मरणाच्या दारात नेलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

चिकू आमचा लॅब्रेडॉर. पुण्यात पावसाळा लागला की त्याचं पंजे चाटणं सुरू व्हायचं. चाटून चाटून बोटांमधले केस तांबूस झाले होते, कान लाल, काखेतली कातडी काळपट आणि जाड, आणि अंगाला आंबलेल्या पिठासारखा वास. आंघोळ घातली की थोडे दिवस बरं, मग पुन्हा तेच. घरी आलेली माणसं नाक मुरडायला लागली की जीव मेटाकुटीला येतो. हे विक्रेते नेमकं तेच हेरतात.

ग्रूमिंग पार्लरमधून एक नंबर मिळाला. फोनवरचा माणूस स्वतःला ‘पेट स्किन एक्सपर्ट’ म्हणवत होता. “ताई, डॉक्टर स्टेरॉईड देतात, त्याने लिव्हर जातं. आपल्याकडे फक्त हळद, कडुनिंब आणि मंजिष्ठा.” पावडरीचे १,८०० रुपये, आणि केसांवरून ॲलर्जी टेस्ट करायचे ४,५०० वेगळे.

आधी त्या टेस्टबद्दल. आम्ही कुरिअरने केस पाठवले. अहवालात लाल रंगात पदार्थांची लांबलचक यादी आली आणि तिच्यात हरणाचं मांसही होतं, जे चिकूने जन्मात खाल्लेलं नाही! २०१९ साली पशुवैद्यकांनी अशा केस-लाळेच्या टेस्टची तपासणी केली होती. त्यांनी कृत्रिम फर आणि सलाईन नमुना म्हणून पाठवलं, तर त्या नमुन्यांनाही ॲलर्जी निघाली. कुत्र्याची अन्नाची ॲलर्जी ओळखायची खात्रीची पद्धत एकच आहे: निदान आठ आठवडे त्याने आधी कधी न खाल्लेलं किंवा डॉक्टरांनी ठरवलेलं एकच खाणं द्यायचं, नंतर जुनं खाणं पुन्हा देऊन खाज परतते का ते पाहायचं. त्यात बिस्किटाचा तुकडासुद्धा चालत नाही.

पावडर मात्र लागू पडली, आणि सगळा घात तिथेच आहे. दोन दिवसांत खाजवणं थांबलं, चिकू रात्रभर शांत झोपायला लागला. मग तो पाण्याचं भांडं सारखं रिकामं करू लागला. कधी नव्हे ते घरात लघवी, खाण्यासाठी सतत मागे मागे, पोट सुटलं, पाय बारीक झाले. विक्रेता म्हणाला, “डिटॉक्स होतंय, चालू ठेवा.” पावडर संपली आणि नवी यायला उशीर झाला, तेव्हा तो उलट्या करू लागला आणि उठेनासा झाला.

दवाखान्यात डॉक्टरांनी लक्षणं ऐकताच पिशवी मागितली. तिच्यावर पानाचं चित्र आणि नाव, बाकी काहीच नव्हतं: ना उत्पादकाचा पत्ता, ना परवाना क्रमांक, ना बॅच, ना घटकांची यादी. रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉईड, जवळजवळ नव्हतंच. बाहेरून स्टेरॉईड मिळत राहिलं की ते बनवणाऱ्या ॲड्रिनल ग्रंथी स्वतःचं काम थांबवतात. हळद-कडुनिंबाने असं होत नाही. डॉक्टरसुद्धा स्टेरॉईड देतात, पण मोजून, ठरावीक काळ आणि हळूहळू कमी करत. इथे लपवून, वाटेल त्या मात्रेत दिलं होतं.

वासाचं खरं कारण साध्या तपासणीत सापडलं. कातडीवर पारदर्शक टेप चिकटवून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर मॅलासेझिया ही यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, भरभरून दिसली. मुळात चिकूला धूळकिड्यांची ॲलर्जी असावी, असं डॉक्टरांचं मत आहे; ॲलर्जीने कातडी कमजोर झाली आणि दमट हवेत यीस्ट माजली. क्लोरहेक्सिडीन-मायकोनाझोलचा शाम्पू दिला. त्याचा फेस दहा मिनिटं अंगावर राहू द्यावा लागतो. लगेच धुतला तर पैसे पाण्यात. पिसवांचं औषध दर महिन्याला, कान वेगळे साफ करायचे, पावसातून आल्यावर पंजे कोरडे पुसायचे. ॲलर्जी मुळापासून जात नाही, आटोक्यात ठेवावी लागते. ‘कायमचा इलाज’ म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा.

त्या माणसाने आम्हाला ब्लॉक केलं आहे. आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली. ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. पिशवी, पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा.

आणि कोणाच्या कुत्र्याला आज अशी पावडर चालू असेल, तर हे वाचून ती एकदम बंद करू नका. कितीही राग आला तरी नाही. अचानक स्टेरॉईड तुटलं तर कुत्रा कोसळू शकतो. पिशवी घेऊन आजच नोंदणीकृत पशुवैद्यांकडे जा, मात्रा कशी उतरवायची ते तेच ठरवतील.