नॉन-टर्बो १.२ लिटर पेट्रोल गाडीला रीमॅप: नऊ महिने, अकरा हजार किलोमीटर आणि नागपूरचा मे महिना

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, वर्धा रोडच्या डबल डेकर उड्डाणपुलावर चढताना गाडीतून पहिल्यांदा तो आवाज आला. चौथा गियर, चाळीसचा वेग, एसी फुल्ल, मागे आई-बाबा, बाहेर ४५ अंश. पाय दाबला आणि बॉनेटखालून टिनाच्या डब्यात खडे हलवावेत तशी खडखड सुरू झाली. तिसरा टाकला, आवाज थांबला. पुन्हा चौथा, पुन्हा खडखड. नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण आपोआप भडकणं. रीमॅपच्या आधी, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली कंपनीची फाइल बदलून घेण्याआधी, ५८ हजार किलोमीटरमध्ये मी हा आवाज एकदाही ऐकला नव्हता. ज्या फाइलमुळे तो आला, तिचे ऑक्टोबरमध्ये रोख १५ हजार मोजले होते.

दुसऱ्या दिवशी रीमॅप करून देणाऱ्याकडे गेलो. त्याने गाडीला हातही न लावता सांगितलं, "भाऊ, प्रीमियम पेट्रोल टाका, बंद होऊन जाईल." आमच्या पंपावर ते लिटरमागे आठ रुपये महाग आहे. माझी गाडी वर्षाला साडेनऊशेच्या आसपास लिटर पिते. म्हणजे ज्या कामाने पेट्रोल वाचेल असं सांगून पैसे घेतले, त्याच कामासाठी आता वर्षाला साडेसात हजार जास्त घालायचे. तिथेच माझा पारा चढला, आणि हा अनुभव सविस्तर लिहायचा हेही तिथेच ठरलं.

गाडी २०२०ची, बीएस-६, चार सिलिंडर, ८३ पीएस ताकद, ११३ एनएम टॉर्क, पाच गियर मॅन्युअल. रीमॅपचं खूळ डोक्यात आलं ते अमरावतीच्या मावसभावामुळे. त्याच्या टर्बो डिझेलला त्याने स्टेज १ (पार्ट न बदलता फक्त फाइल बदलणारं रीमॅप) केलं, आणि चिखलदऱ्याच्या घाटात त्याची गाडी चार माणसं घेऊन तिसऱ्यात ज्या जोरात चढली ते मी शेजारी बसून पाहिलं. परतवाडा सोडल्यावर माझ्या गाडीला त्याच चढावर दुसरा टाकावा लागतो. घरी येऊन आठ दिवस तेच डोक्यात होतं.

त्याची गोष्ट वेगळी का, हे मला तेव्हा कोणी नीट सांगितलं नाही, म्हणून इथे सांगतो. टर्बो हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. तो दाब किती ठेवायचा हे ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो, आणि कंपनीने त्यात बरीच जागा राखून ठेवलेली असते. दाब वाढवला की हवा वाढते, हवा वाढली की इंधन वाढवता येतं, आणि वीस-पंचवीस टक्के ताकद खरोखर मिळते. आपल्या नॉन-टर्बो गाडीत हवा येते ती फक्त बाहेरच्या वातावरणाच्या दाबाने. १.२ लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत फार तर १.२ लिटर हवा ओढणार. कॉम्प्युटरवर कितीही आकडे बदला, हवा तेवढीच. मग फाइलमध्ये बदलायला उरतं काय? ठिणगी थोडी आधी पाडायची, पूर्ण पाय दाबल्यावरचं मिश्रण थोडं सुधारायचं, रेव्ह लिमिट (इंजिनच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा) वर सरकवायची, आणि पेडलचा नकाशा, म्हणजे पाय किती दाबला की इंजिनने किती जोर लावायचा ते, बदलायचा. पहिल्या तिन्हींतून मिळून पाच-सात टक्के निघाले तरी खूप. चौथ्यातून ताकद शून्य, पण गंमत सगळी त्याच्यात आहे.

मला सांगितलं गेलं होतं १२ ते १५ टक्के. डायनो, म्हणजे गाडीची ताकद मोजणारं यंत्र, नव्हताच. हातात जो छापील आलेख दिला तो फाइलबरोबर आलेला होता, माझ्या गाडीचा नव्हता. हे मी त्याच दिवशी विचारायला हवं होतं.

आता फेब्रुवारीत वहीत लिहून ठेवलेला मजकूर जसाच्या तसा देतो, कारण तेव्हा मी खरंच खूश होतो:

"चार महिने झाले, पाच हजार किमी. पैसे वसूल. गाडी वेगळीच झाली आहे. पायाला नुसता स्पर्श केला की धावते. शिवमडक्यावरून समृद्धीला लागलं की शंभरला कधी पोचते कळत नाही. ॲव्हरेज १५.१वरून १५.६. एसी लावून सिग्नलवरून निघताना जो झोल यायचा तो गेला. ज्याच्याकडे छोटी पेट्रोल गाडी आहे त्याने जरूर करावं."

यातलं एसीचं वाक्य आजही मागे घेत नाही. आधी एसी चालू असताना क्लच सोडला की गाडी क्षणभर गळाठायची. सीताबर्डीच्या गर्दीत दर वीस पावलांवर हे व्हायचं. फाइलमध्ये एसी लावल्यावरचं आयडलिंग (पाय न दाबता इंजिन फिरण्याचा वेग) शंभरेक आरपीएमने वाढवलं होतं, आणि खालच्या रेंजमध्ये थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, लवकर उघडत होता. हा फरक खरा होता आणि रोजचा होता. नागपुरात एसी मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत चालतो, त्यामुळे ही बाब छोटी नाही.

बाकीचं मात्र आज मी वेगळं वाचतो. कारण पेडल.

पेडलवर जरा वेळ घेतो, मला हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्या गाड्यांत एक्सलेटरला आता तार नसते. पाय एका सेन्सरला सांगतो, सेन्सर ईसीयूला, आणि ईसीयू ठरवतो की थ्रॉटलची झडप किती उघडायची. मी ईसीयूतले आकडे दाखवणारं बाराशे रुपयांचं ओबीडी डोंगल घेऊन मोबाइलवर दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लावले. स्टॉकमध्ये, म्हणजे कंपनीच्या मूळ फाइलवर, पेडल २० टक्के दाबलं की झडप १४ टक्के उघडायची. रीमॅपनंतर त्याच २० टक्क्यांना ३१. पेडल साठवर आलं की झडप जवळजवळ पूर्ण उघडी. म्हणजे साठच्या पुढचा पाय नुसता हवेत, तिथे मिळण्यासारखं काही शिल्लकच नाही. जी गाडी "पेटल्यासारखी" वाटत होती, ती माझ्याच पायाच्या पुढे धावत होती. स्टॉक गाडीत पाय थोडा जास्त दाबला असता तर तेच मिळालं असतं, आणि फुकट मिळालं असतं.

या पेडलचा त्रासही झाला. बेसमेंटच्या उतारावर, पार्किंगमध्ये, मागे घेताना गाडी पायाखाली नाचते. बायको दोन दिवस शाळेत सोडायला घेऊन गेली आणि संध्याकाळी किल्ली टेबलावर ठेवत म्हणाली, "अहो, ही उडी मारते. मी नाही नेत." बाबा ६८ वर्षांचे आहेत, त्यांनी तर सोसायटीच्या गेटपाशी एकदा भिंतीला टेकवतच आणली होती. घरात चालवणारे तिघे असतील तर पेडलचा नकाशा एकाच्या हौशीसाठी बदलणं बरोबर नाही, हे मी आता ठामपणे म्हणतो. त्या १५ हजारांत सगळ्यात जास्त जाणवणारा बदल हाच होता, आणि मला नको असलेलाही हाच निघाला.

आता मे. नागपुरात डिसेंबरची पहाट दहा-पंधरा अंशांची आणि मेची दुपार पंचेचाळीसची. पंधरा अंशांवरून पंचेचाळीसवर गेलं की हवा नऊ टक्क्यांच्या वर विरळ होते. तेवढी ताकद कोणत्याही नॉन-टर्बो गाडीची जाते, स्टॉक असो की रीमॅप. त्यावर इलाज नाही. पण गरम हवेत नॉकिंगही लवकर होतं. ठिणगी पडण्याआधीच आत इतकी उष्णता असते की ठिणगीनंतर मिश्रणाचा अजून न पेटलेला भाग आपोआप भडकतो. नॉक सेन्सरला हे ऐकू आलं की ईसीयू ठिणगी उशिरा पाडतो. आता गंमत बघा: रीमॅपवाल्याने ठिणगी लवकर पाडली आणि उन्हाळ्याने ती पुन्हा उशिरावर नेली. डिसेंबरमध्ये तिसऱ्या गियरला, २५०० आरपीएमवर, पूर्ण पाय दाबून डोंगलवर टायमिंग (ठिणगी किती अंश आधी पडते ते) १९ अंश दिसायचं. मेमध्ये तेच ११. पुढे स्टॉक फाइल परत टाकल्यावर त्याच उन्हात १२ दिसलं. म्हणजे ऐन गरजेच्या दिवसांत रीमॅप केलेली गाडी स्टॉकपेक्षा एक अंश मागेच होती, वर खडखड करत होती. सिग्नलला उभी असताना आत जाणारी हवा मी ६८ अंशांपर्यंत पाहिली आहे. हल्ली पंपावर मिळणाऱ्या ई२०चा (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा) ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखण्याची क्षमता, ९५, जुन्या साध्या ९१च्या वरचा. तरीही नॉकिंग झालं, यावरून त्या फाइलमध्ये टायमिंग किती ताणलं होतं ते लक्षात घ्या.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा थोडं तापूनच बोललो. तेव्हा त्याच्या हाताखालच्या पोराने खरं सांगून टाकलं. "दादा, फाइल पुण्याहून येते. तिकडे चालते मस्त. आपल्या इथली गर्मी वेगळी आहे न." पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, आपण तीनशेवर. पुण्याची हवा मुळात विरळ आणि मे आपल्यापेक्षा सौम्य. तिथे न वाजणारं टायमिंग इथे वाजणारच. माझ्या गाडीत बसून, माझ्या शहरात, एकदाही लॉग (चालत्या गाडीतल्या आकड्यांची नोंद) न काढता ईमेलने आलेली फाइल १५ हजारांना विकली गेली. याचा राग मला आजही आहे.

इथली फाइल बनवून द्या म्हटलं तर वेगळे तीन हजार. स्टॉक परत करा म्हटलं तर त्याचेही तीन हजार. ऑक्टोबरचा त्यांचाच मेसेज माझ्याकडे होता, "स्टॉक कधीही फ्री". तो दाखवला. दीड तास बसवून ठेवलं, शेवटी स्टॉक टाकून दिली. मूळ फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर मागितली, ती हो-ना करत दिली. कोणी रीमॅप करणारच असेल तर स्वतःच्या गाडीची मूळ फाइल पहिल्याच दिवशी हातात घ्या. ती त्यांच्या लॅपटॉपमध्ये राहिली की तुम्ही त्यांच्या दारात राहता.

स्टॉक टाकून निघालो तेव्हा वाटलं होतं की गाडी आता मेल्यासारखी होणार. चार दिवस तसंच वाटलंही, पेडल मऊ झाल्यामुळे. मग एका सकाळी हिंगण्याच्या पुढच्या रिकाम्या पट्ट्यावर स्टॉपवॉच घेऊन गेलो. तिसऱ्या गियरला ३० ते ८०, एकटा, एसी बंद, दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा. ऑक्टोबरपासून मी हे दर वेळी तसंच मोजतो आहे. रीमॅपच्या आधी १०.४ सेकंद. नंतर ९.७. मेमध्ये रीमॅपसकट १०.५. जूनच्या सुरुवातीला स्टॉकवर, तेवढ्याच उन्हात, १०.५. आणि आता जुलैच्या पावसाळी गारव्यात, स्टॉकवर, ९.९.

हा ९.९चा आकडा पाहून मी गाडी बाजूला घेतली. स्टॉक गाडी तर १०.४ची होती. अर्धा सेकंद आला कुठून?

घरी येऊन बिलांची फाइल काढली. रीमॅपच्याच दिवशी, "गाडी आधी हेल्दी पाहिजे" म्हणून, त्याच गॅरेजमध्ये चार स्पार्क प्लग बदलले होते, एअर फिल्टर नवा टाकला होता आणि थ्रॉटल बॉडी साफ केली होती. सगळं मिळून तीन हजार. जुने प्लग शोरूममधून आले तेच होते, ५८ हजार किमी चाललेले. दोन्ही कामं एकाच दुपारी झाली आणि सगळं श्रेय मी फाइलला देऊन मोकळा झालो. सात दशांश सेकंदांपैकी पाच त्या तीन हजारांचे, दोन त्या पंधरा हजारांचे, आणि ते दोनही फक्त थंडीत.

ॲव्हरेजचंही तेच. स्टॉकवर आल्यापासून पाच टाक्या झाल्या, एसी कमी लागतोय, सरासरी १५.५. १५.६ खरंच फाइलमुळे मिळाले असं धरलं, तरी अकरा हजार किलोमीटरमध्ये वाचलं असतं २३ लिटर, म्हणजे १०४च्या भावाने अडीच हजारांच्या आतच. पंधरा हजार वसूल व्हायला ६८ हजार किलोमीटर लागले असते.

आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मेकॅनिकला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्या गाडीले काईच नव्हतं झालं, भाऊ. प्लग मरून राहिले होते. मले इचारलं असतं तं." त्याने टायरची हवा तपासली, मागच्या दोन्ही टायरमध्ये पाच-पाच पॉइंट कमी निघाली.

टर्बो असेल तर माझं म्हणणं वेगळं आहे, मावसभावाची गाडी दोन उन्हाळे निर्धास्त चालते आहे. नॉन-टर्बोत ज्यांना ट्रॅकवर शेवटची दोन दशांश हवी आहेत, ज्यांनी एक्झॉस्ट आणि कॅम बदलले आहेत, त्यांना तर रीमॅप लागेलच, पण स्वतःच्या गाडीवर डायनो लावून आणि इथल्या उन्हात लॉग काढून. विम्याच्या कंपनीलाही कळवून ठेवा, क्लेमच्या वेळी वाद नको. पीयूसी पास झाली म्हणजे फाइल चांगली असंही समजू नका, ती उभ्या गाडीवर होते, उड्डाणपुलावर नाही.

मला चुकल्यासारखं वाटतं ते एकच, ते एसीचं आयडलिंग. स्टॉकवर येताच सिग्नलचा तो झोल थोडा परत आला आहे. फक्त तेवढाच बदल, पेडल आणि टायमिंगला हात न लावता, कोणी हजार-दीड हजारात करून देत असेल तर मी उद्या जाईन. दोन ठिकाणी विचारलं, दोघंही म्हणाले पूर्ण स्टेज १च घ्यावं लागेल.

तोवर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे: प्लग ५८,२००ला बदलले, पुढचे ९८,०००ला. थ्रॉटल बॉडी दर दिवाळीत. बायको सोमवारपासून पुन्हा गाडी नेते.