स्ट्रॉबेरी शेक घट्ट कशानं करायचा: आईस्क्रीम, साय, चक्का का केळं?

परवा वहिनीचा फोन. पुतण्याचा वाढदिवस आहे, वीसेक पोरं येणार, आणि त्याला म्हणे केकपेक्षा "तो गुलाबी घट्टवाला" पाहिजे. भावजी तुम्ही सारखं करत असता ना, सांगा की काय घालू, आईस्क्रीम आणू का घरची डबाभर साय साठलीय तीच ढकलू? मी म्हणलं वहिनी दोन ग्लास करायचे असले तर उत्तर वेगळं आणि वीस करायचे असले तर वेगळं, आणि त्याच्याआधी स्ट्रॉबेरी कसली आणलीय ते सांगा. पाऊण तास गेला फोनवर. मग म्हणलं लिहूनच काढावं, गड्ड्याची यात्रा (आमच्या सोलापुरातली सिद्धेश्वराची, जानेवारीतली) जवळ आली की कोण ना कोण हे विचारतंच.

आधी फळाचं बोलू, कारण निम्मा घोळ तिथंच होतो. आपल्याकडं सोलापुरात येते ती महाबळेश्वर-पाचगणीची. तिला २०१० साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय आणि देशातली बहुतेक स्ट्रॉबेरी त्याच डोंगरावर पिकते. तिथं शेतात उभं राहून खाल्लेली आणि इथं लक्ष्मी मंडईतनं आणलेली ह्यात फरक लागतो तो आपल्या जिभेचा भास नाही. स्ट्रॉबेरी झाडावरनं तोडली की पिकायची थांबते. आंबा आढीत घालून पिकतो, केळं पिकतं, चिक्कू पिकतो, ही नाही पिकत. नुसती मऊ पडते आणि मग नासते. अडीचशे किलोमीटरच्या वर प्रवास करायचा म्हणून माल जरा आधी तोडलेला असला तर तो आंबट तो आंबटच, दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवून गोड होईल ह्या आशेवर राहू नका, मी राहिलेलो आहे. डबा उलटा करून बघा, वरचा थर सगळ्यांचाच सुंदर असतो. देठाखाली पांढरी असेल तर ती शेकला नको, जॅमला घ्या. आणि छोटी गडद लाल घ्या, ती मोठी फोटोवाली दिसायलाच भारी असते.

आता आपल्या नशिबात आंबट आलीच असं धरून चालू, कारण येतेच. देठ काढायच्या आधी धुवा (देठ काढून धुतली की आत पाणी शिरतं), पुसा, मग देठ काढून दोन तुकडे करा, चार चमचे साखर भुरभुरा आणि अर्धा तास विसरून जा. साखर सगळा रस ओढून बाहेर काढते, त्या लाल पाकातच खरी चव असते, तो टाकू नका. ही एक गोष्ट केली की पुढं तुम्ही काय पण घाला, शेक बरा होतो.

दुसरी गोष्ट बर्फ. आमच्या आईची पद्धत म्हणजे दूध, साखर, फळ आणि मूठभर बर्फ, मिक्सर घुर्र. वर फेस छान येतो, दोन मिनिटांनी खाली गुलाबी पाणी. स्ट्रॉबेरीत स्वतःतच ९० टक्क्यांच्या वर पाणी आहे, त्यात अजून बर्फाचं पाणी कशाला ओतायचं? घट्टपणा पाहिजे असेल तर फळच गोठवा. ताटलीत सुटी सुटी पसरून रात्रभर फ्रीझरमध्ये, मग पिशवीत भरून ठेवा. (गोठवायची असेल तर साखर आधी नको लावू, गोळा होऊन बसतो. गोठलेल्याला साखर मिक्सरमध्येच.) गोठून फळ आतनं फुटतं आणि सुटल्यावर लिबलिबीत होतं हे खरं, पण आपल्याला वाटायचंच आहे. फक्त काढल्या काढल्या दगडासारखी मिक्सरला घालू नका, पाच मिनिटं बाहेर ठेवा, नाहीतर पातं अडकतं आणि मोटरचा वास सुटतो. जार कुठला घेताय ते पण बघा. शेंगाच्या चटणीचा जार घेतलात तर शेकला लसूण लागणार, कितीही घासा.

बरं, आता मुद्द्याचं.

आईस्क्रीम घालून. सगळ्यात सोपं, आणि पोरांना हेच आवडतं हे आधीच कबूल करतो. दोन ग्लासला २०० ग्रॅम गोठलेली स्ट्रॉबेरी, १५० मिली एकदम गार दूध, व्हॅनिलाचे दोन मोठे स्कूप. आईस्क्रीममध्ये फॅट, साखर, हवा सगळं आधीच बसवलेलं असतं, आपल्याला नुसतं हलवायचं. पण घेताना डबा वाचा हो. आईस्क्रीम म्हणून विकायचं तर दुधाची फॅट किमान १० टक्के लागते, आणि शेजारीच तसाच डबा, तसंच चित्र, त्यावर बारीक अक्षरात फ्रोझन डेझर्ट लिहिलेलं असतं, ते वनस्पती तेलाचं. शेक त्याचा पण घट्ट होतो, मात्र टाळूला मेणासारखा थर चिकटतो, तो पाणी पिऊन पण जात नाही. वाईट बाजू काय तर गोड फार होतं आणि स्ट्रॉबेरी मागं पडते, डोळे मिटून प्यायलं तर व्हॅनिला शेक म्हणून पण खपेल. दुधात मग साखर अजिबात नको. आणि मिक्सर पंधरा सेकंदाच्या वर नको, आईस्क्रीम वितळलं की आणलं कशाला.

साय घालून. हे आपल्याकडं सगळ्यांना सुचतं कारण म्हशीचं दूध, पंढरपुरी म्हशीचं मिळत असेल तर विचारूच नका, भाकरीएवढी जाड साय येते. फुकट, घरची, आणि चव खरंच राजेशाही. पण. मी पहिल्यांदा केला तेव्हा छान वाटीभर साय घातली, म्हणलं एकजीव होऊ दे, आणि मिक्सर चालूच ठेवला. बायको येऊन बघते तर जारमध्ये गुलाबी लोण्याचा गोळा आणि खाली ताक. "हे काय करायलात?" मी म्हणलं शेक. ती म्हणाली कढवा आता, गुलाबी तूप होईल. नंतर ते लोणी पावाला लावून खाल्लं, वाईट नव्हतं लागत हा, पण प्यायला काही मिळालं नाही. तर साय घालायची असेल तर दोनच चमचे, कालची ताजी, आठवडाभर साठवलेली नको (तिला वास असतो, आपल्याला सवय झालेली असते, पाहुण्याला कळतो), आणि शेवटी घालून फक्त दोनदा पल्स. पाकिटातलं फ्रेश क्रीम त्या मानानं सोपं, बहुतेक २५ टक्के फॅटचं असतं आणि सायीच्या गुठळ्या होतात तशा होत नाहीत. पण अर्ध्या पाकिटासाठी आणायचं आणि उरलेलं चार दिवसांनी फेकायचं, आमच्याकडं तरी तसंच होतं.

ह्या दोन्ही प्रकारात दूध फाटायची भीती असते, बरेच जण विचारतात. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण ४.६ ला आला की गोळा व्हायला लागतं आणि स्ट्रॉबेरी असते साडेतीनच्या आसपास, म्हणजे आंबटपणा भरपूर आहे. गरम असलं की लवकर फाटतं. त्यामुळं तापवलेलं दूध "झालंय की गार" म्हणून कोमट घालू नका, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेलं घ्या, फळ पण गार, आणि केल्या केल्या प्या. तासभर ठेवून बारीक कण दिसले तर ते विष नाहीये, फक्त दिसायला घाण दिसतं.

आणि म्हणूनच मला चक्का आवडतो. दही आधीच विरजून जमलेलं आहे, त्याला अजून आंबट काय करणार? अर्धा लिटर दह्याचा फडक्यात बांधून चारपाच तासात पावशेराच्या आसपास चक्का निघतो. टांगायचा मात्र फ्रीजमध्ये, चाळणीत ठेवून खाली भांडं, आपल्या इथं मार्चपासनं नळाला टांगून ठेवला तर श्रीखंडाला पण चालणार नाही इतका आंबट होतो. दोन ग्लासला १५० ग्रॅम चक्का, २०० ग्रॅम गोठलेली स्ट्रॉबेरी, अर्धा कप गार दूध, तीन चमचे साखर, चिमूटभर मीठ. मीठ खरंच घाला. हे इतकं घट्ट येतं की स्ट्रॉ उभी राहते, आणि फाटत नाही, लोणी निघत नाही, अर्धा तास ठेवलं तरी खाली पाणी सुटत नाही. मुख्य म्हणजे आंबट फळ इथं दोष वाटत नाही, चक्क्याच्या आंबटाशी त्याचं जमून जातं, आईस्क्रीममध्ये ते उपरं वाटतं. तोटा एवढाच की आधी ठरवावं लागतं, पाहुणे दारात उभे असताना चक्का होत नाही. आणि लहान पोरं पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतात, "काका हे श्रीखंड आहे का?" आहेच की जवळजवळ, पातळ श्रीखंड. विकतचा चक्का पण चालतो, श्रीखंड नको, त्यात वेलची असते आणि वेलचीपुढं स्ट्रॉबेरी टिकत नाही.

केळं स्वस्त पडतं आणि पोट भरतं. करमाळ्याकडं कंदरची केळी परदेशात जातात, म्हणजे माल आपल्या जिल्ह्यातलाच, चकत्या गोठवून घातल्या तर घट्टपणा अगदी आईस्क्रीमसारखा येतो. पण तो केळ्याचा शेक होतो. अर्ध्याच्या वर केळं गेलं की संपलं, आणि रंग पण राखाडीकडं झुकतो. जिमवाल्यांनी करावा. दूधच नको असेल त्यांनी दहा काजू दोन तास भिजवून, एकदम गंधासारखे वाटून घालावेत, छान होतो, खर्चाचं तुमचं तुम्ही बघा.

आता वहिनीचे वीस ग्लास. ह्याला वरचं एकही परवडत नाही. जानेवारीत मला २०० ग्रॅमचा डबा सत्तरला पडला, वीस ग्लासला दोन किलो फळ धरलं तर हिशोब तुम्हीच करा, त्यावर आईस्क्रीम वेगळं. तिला मी सांगितलं ते असं: तीन लिटर फुल क्रीम दूध आदल्या रात्री तापवायचं, तीन सपाट चमचे कॉर्नफ्लोअर गार दुधात कालवून त्यात घालायचं, घोटत घोटत दोन उकळ्या, साखर, आणि गार करून रात्रभर फ्रीजमध्ये. साय येऊ नये म्हणून निवताना मधून मधून ढवळायचं. कस्टर्ड पावडर वापरू नको म्हणलं, ती पण कॉर्नफ्लोअरच असते पण पिवळा रंग घातलेली, गुलाबीत मिसळली की विटकरी दिसतं. ह्या दुधावर एक किलो फळ पुरतं, आणि वरून प्रत्येक ग्लासात आईस्क्रीमचा अर्धा स्कूप तरंगत सोडला की पोरांना काय कळतंय. चार चार ग्लासचे घाणे काढायचे. चव चक्क्याच्या जवळपास पण नाही, पण घट्ट, गुलाबी आणि वेळेत. वाढदिवसाला एवढंच लागतं.

पुतण्याला मे महिन्यात पाहिजे असलं तर? तेव्हा ताजी नसतेच, मग जानेवारीत गोठवलेली नाहीतर बाटलीतला क्रश. क्रशमध्ये नियमानं फळ किमान २५ टक्के, उरलेल्यात मुख्यतः साखर, त्यामुळं चमचा जपून. क्रश आणि चक्का ही जोडी मात्र जमते, चक्का गोडाला आवरतो. क्रश आणि आईस्क्रीम केलंत तर दुसऱ्या घोटाला दात शिवशिवतात. आमच्या फ्रीझरमध्ये अजून दोन पिशव्या आहेत, पण एप्रिलात लाईट जायला लागली की त्या सारख्या वितळून गोठतात आणि वरती बर्फाचा चुरा धरतो, म्हणून होळीच्या आत संपवायच्या असं ठरलंय. उरला शेक तर कुल्फीच्या साच्यात ओता, चक्क्याचा असेल तर फारच छान जमतो, केळ्याचा सकाळपर्यंत काळा पडतो.