भाच्याचं नाव मागावर: साखर पेठेतल्या वॉल हँगिंगवाल्यांचा रिव्ह्यू

भाच्याचं नाव अहलियाब ठेवलं आणि घरात पहिला प्रश्न हाच आला की हा कोण. चर्चमधल्या जुन्या माणसांनाही पटकन आठवेना आणि त्यात नवल नाही, कारण बायबलमध्ये हे नाव फक्त निर्गमच्या पुस्तकात येतं, 31, 35, 36 आणि 38 या अध्यायांत मिळून पाच वेळा. तो कुठे बोलत नाही, त्याचं लग्न नाही, मरण नाही, नुसतं विणायचं नि भरतकामाचं काम आहे. नाव ठेवायचा मान आत्याचा म्हणजे माझा, मग भेटवस्तूही नावाला शोभेल अशी हवी होती. आमचे आजोबा जुन्या मिलच्या साचे खात्यात, म्हणजे मागांवर होते, आपण सोलापूरचे, आणि विणकराचं नाव प्लॅस्टिकच्या नेमप्लेटवर द्यायचं हे काही मनाला पटेना. साखर पेठेत जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, वॉल हँगिंग करून देणारा एक छोटा कारखाना आहे, तिथे ते विणून घेतलं. माझ्याकडून 5 पैकी साडेचार.

आधी नावाबद्दल, कारण कारखान्यातही पहिला अर्धा तास यातच गेला. इजिप्तच्या गुलामीतून सुटल्यावर सीनायच्या रानात इस्राएली लोकांनी देवासाठी निवासमंडप म्हणजे मोठा तंबू उभारला, त्याचा मुख्य कारागीर यहूदा वंशातला बसालेल आणि त्याच्या जोडीला दान वंशातला अहिसामाखचा मुलगा अहलियाब. 38 व्या अध्यायात त्याचं काम दिलंय, कोरीव काम, नक्षीची आखणी, आणि निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताचं नि तलम सणाचं भरतकाम. बसालेलचं नाव निदान पुढे चाललं, 1906 मध्ये बोरिस शाट्झने यरुशलेममध्ये त्याच्या नावाने कलाशाळा काढली ती आजही आहे, पण अहलियाब मागेच राहिला. हिब्रूत ओहेल म्हणजे तंबू आणि आव म्हणजे बाप, म्हणून नावाचा अर्थ बापाचा तंबू, किंवा पिता हाच माझा तंबू असाही लावतात. आणि या माणसाच्या हातून झालं काय तर देवाचा तंबू! मला हे वाचलं तेव्हाच नाव पक्कं झालं होतं.

कारखान्याचे मालक, सगळे त्यांना अण्णाच म्हणतात, ते ऑर्डर लिहून घ्यायचं सोडून ऐकतच बसले. मंडपाचे पडदे 10, एकेक 28 हात लांब नि 4 हात रुंद, पाच-पाच एकत्र जोडलेले, कडेला जोडायला 50-50 निळी बिरडी म्हणजे फासे, आणि वरून बकऱ्याच्या केसांचे आणखी 11 पडदे, हे सांगितल्यावर अण्णांनी लगेच हिशोब मांडला, हात दीड फुटाचा धरला तर पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, सहा फूट झाला की ओ ताई, रानात एवढा रुंद माग कुठं लावला असंल, का पट्ट्या जोडल्या असतील? इतकी वर्षं हा अध्याय वाचतेय पण पन्ह्याचा विचार कधी मनात आला नव्हता, तो विणणाऱ्यालाच सुचणार. मग त्यांनी मार्कंडेय महामुनींची गोष्ट काढली, विणकरांचा पद्मशाली समाज त्यांना मूळपुरुष मानतो आणि नारळी पौर्णिमेला त्यांचा रथ निघतो तेव्हा शहराचा अख्खा पूर्व भाग रस्त्यावर असतो. विणकामाला धर्माच्या मधोमध जागा आहे हे या माणसाला समजावून सांगावं लागलं नाही, आणि म्हणूनच काम त्यांच्याकडे द्यायचं ठरलं.

मला स्वतःला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच. इस्राएलचे वंश याकोबाच्या मुलांवरून पडले, त्यात दान हा याकोबाची बायको राहेल हिच्या दासीचा, बिल्हाचा मुलगा, म्हणजे वंशांच्या उतरंडीत खालचा, आणि यहूदा राजांचा वंश. अकराव्या शतकातले फ्रान्सचे ज्यू भाष्यकार राशी यांनी नेमकं हेच टिपलंय की दासीपुत्राच्या वंशातल्या माणसाला देवाने मंडपाच्या कामात यहूदाच्या बसालेलच्या बरोबरीला बसवलं. शिवाय निर्गमच्या 35 व्या अध्यायात, 34 व्या ओवीत दोघांनाही दुसऱ्यांना शिकवायची बुद्धी दिली असं आहे, नुसता हातात गुण नाही, तो पुढे देण्याची तयारीही. मुलाच्या नावात अजून काय पाहिजे.

आता काम. वर देवनागरीत अहलियाब, खाली हिब्रूत, रंग तेच तीन, कापडाची जमीन पांढरट. हिब्रू उजवीकडून डावीकडे, आणि मागावर कापडाची पाठ वर होती त्यामुळे अक्षरं उलटी दिसत होती, पण अण्णांच्या मुलाने कॉम्प्युटरवर डिझाइन करतानाच ते धरलं होतं. खरी परीक्षा दुसऱ्या अक्षराची. ते हिब्रूतलं 'हे' नावाचं अक्षर, त्याचा डावा पाय वरच्या आडव्या दांडीला टेकत नाही, बारीक फट असते, ती बुजली की ते 'खेत' हे दुसरंच अक्षर होतं आणि नावच बदलतं. पहिल्या नमुन्यात ती फट आडव्या धाग्याने बुजली होती. मी दाखवलं तर कोणी तोंड वाकडं केलं नाही, मुलाने फट दोन धाग्यांनी वाढवली, शेवटच्या 'बेत' अक्षराच्या खालच्या कोपऱ्याची बारीक शेपटीही मागून ठळक केली, आणि दुसरा नमुना विणून फोटो पाठवला. जास्तीचे पैसे मागितले नाहीत. विण घट्ट आहे, पाठीला लोंबते धागे नाहीत, किरमिजी रंग तर इतका छान उतरलाय की पाळण्यामागे लावल्यावर सगळे आधी हात लावूनच बघतात.

अर्धा स्टार कापला तो दोन गोष्टींसाठी. वरची लटकवायची दांडी हलकी दिली, कापडाच्या वजनाने मधे वाकते, मी सुताराकडून सागवानी करून घेतली. दुसरं म्हणजे फोन. माग चालू असला की त्यांना रिंग ऐकूच येत नाही, तेव्हा व्हॉट्सॲपवर मेसेज टाका, संध्याकाळी उत्तर येतं.

किंमत रेडीमेड वॉल हँगिंगपेक्षा बरीच जास्त पडते कारण एका पीससाठी वेगळं डिझाइन करावं लागतं, अर्धे पैसे आधी. रथोत्सवाच्या आणि दिवाळीच्या तोंडावर ऑर्डर देऊ नका, घाई होते. आणि हिब्रू, उर्दू, मोडी असं काही विणून घ्यायचं असेल तर मोबाईलवरचा फोटो नको, मोठ्या अक्षरात स्वच्छ प्रिंट न्या, कुठली फट ठेवायची नि कुठला ठिपका सोडायचा नाही ते पेनने खूण करून द्या, आणि नमुना डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढचं विणायला हो म्हणू नका.