आठ इंची दुर्बिणीतला दुय्यम आरसा: चार सरळ पट्ट्या की तीन वक्र?

आरशाच्या दुर्बिणीत दुय्यम आरसा नळीच्या मध्यभागी पातळ पट्ट्यांवर धरलेला असतो, आणि त्या पट्ट्यांमुळे तेजस्वी ताऱ्याला रेषा फुटतात. या रेषा नकोत म्हणून बरेच जण थेट वक्र पट्ट्यांकडे वळतात. मी आधी प्रकाशाचा हिशेब करायला सांगेन. मुख्य आरसा २०० मिमी, दुय्यम ५० मिमी आणि चार सरळ पट्ट्या १ मिमी जाडीच्या, असं धरा. पट्ट्या मिळून जेमतेम १ टक्का प्रकाश अडवतात. दुय्यम आरसा ६ टक्क्यांहून जास्त. म्हणजे गुरूवरचे पट्टे पुसट दिसण्यात मोठा वाटा आरशाचा आहे, पट्ट्यांचा नव्हे.

वक्र पट्ट्यांनी विवर्तन, म्हणजे पट्टीच्या कडेपाशी प्रकाशाचं वळून विखुरणं, संपत नाही. ६० अंशांच्या तीन कमानी नीट बसवल्या, तर तोच विखुरलेला प्रकाश ताऱ्याभोवती सगळीकडे सारखा पसरतो आणि रेष उठून दिसत नाही. जोडताऱ्यांत रमणाऱ्यांना याचा खरा फायदा आहे, कारण तेजस्वी ताऱ्याचा मंद सोबती रेषेखाली झाकला जात नाही.

पण मला खटकतो तो कमानीचा ताठपणा. सरळ पट्टी नळीबाहेरचा नट आवळून ताणता येते, आणि त्या ताणामुळेच अर्धा मिमी पत्राही पुरतो. कमान ताणता येत नाही. मग ती जाड करावी लागते, तरीही दुर्बीण डोक्यावरून क्षितिजाकडे झुकवली की आरसा किंचित लवतो आणि कॉलिमेशन, म्हणजे आरशांची एकमेकांशी असलेली अचूक जुळणी, हलतं. एफ/६ला, म्हणजे नाभीय अंतर मुख्य आरशाच्या व्यासाच्या सहापट असताना, हे बऱ्यापैकी खपतं. एफ/४ला कॉलिमेशनची सूट सुमारे साडेतीन पटींनी आक्रसते. तिथे मी कमान लावणार नाही.

तीन सरळ पट्ट्यांनी सहा रेषा येतात, चारांनी चारच, कारण समोरासमोरच्या पट्ट्यांच्या रेषा एकमेकींवर पडतात. अट एकच: समोरासमोरच्या पट्ट्या समांतर हव्यात. एखादी वाकली, तर फोटोत रेष दुभंगते. दुय्यम आरसा धरणाऱ्या मधल्या ठोकळ्याला पट्ट्या केंद्रातून न जोडता थोड्या बाजूला सरकवून जोडा. आरसा पिळवटण्याला चांगला अटकाव होतो, आणि समांतरपणा राखला तर रेषाही वाढत नाहीत. स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा घ्या, रुंदी २५ मिमीच्या आसपास, कड प्रकाशाच्या दिशेने, मॅट काळा रंग देऊन.

पट्ट्यांऐवजी एकच दांडा साडेचार इंचांपर्यंत चालतो; आठ इंचांत तो थरथरतो.

आठ इंची एफ/६, थोडे ग्रह, थोडे तेजोमेघ, पुढेमागे कॅमेरा: चार सरळ पट्ट्याच. फक्त ग्रह आणि जोडतारेच पाहायचे असतील, तर कमानी करून पाहा.